कोणाच्या आजीला?

"मले पाणी पाहिजे."

एवढंच म्हटलं मी. आणि अख्खं बेसमेंट हसलं.

मी दहा वर्षांची होते. डेट्रॉईटच्या बाहेर एका मोठ्या घराच्या तळघरात दर रविवारी मराठीचा क्लास भरायचा. गालिच्यावर आम्ही नऊ मुलं. समोर खुर्चीवर शिकवणाऱ्या काकू. काकू हसल्या नाहीत. हसणाऱ्यांना गप्पही केलं नाही. म्हणाल्या, "'मले' नाही बाळा, 'मला'. घरी असंच बोलता तुम्ही?"

मी म्हटलं, हो.

"मूळचे कुठले?"

मी म्हटलं, वर्धेकडचे.

"आडनावावरून काही कळत नाही गं. हे आडनाव दोन्हीकडे असतं."

दोन्हीकडे म्हणजे कुठे, मला कळलं नाही. मला वाटलं, नदी असेल गावात. तिच्या दोन्हीकडे.

मग त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, "तुमच्या देवघरात कोण कोण देव आहेत?"

"देव नाही. फोटो आहे."

"कोणाचा?"

मी सांगितलं. आमच्या घरी ज्यांचा फोटो होता त्यांचं नाव मी अभिमानानं सांगायचे, कारण बाबा तसंच सांगायचे. घरात.

काकू म्हणाल्या, "अच्छा."

मी आज शब्दांवर जगते. कुठला शब्द किती जड, ते मला कळतं. तेवढा जड 'अच्छा' मी पुन्हा ऐकला नाही.

पुढच्या रविवारी पाण्याचा ट्रे आला. आठ स्टीलचे ग्लास आणि एक कागदाचा. "हा तुझ्यासाठी स्पेशल हं," काकू म्हणाल्या. मी खूश. घरी जाऊन आईला सांगितलं, मला एकटीला स्पेशल ग्लास मिळतो. आई पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"बाबांना सांगू नको."

"काय नको सांगू?"

"काहीच."

अडीच वर्षं मी तसल्या कागदी ग्लासातून पाणी प्यायले. क्लास सोडता येत नव्हता. काकूंचे यजमान, ज्यांना मी काका म्हणायचे, ते बाबांचे मॅनेजर होते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत बाबा टेस्टिंगला होते. काकांनीच त्यांना व्हिसावर आणलेलं. ग्रीन कार्डाची फाइल काकांच्या शब्दावर पुढे सरकायची. काकूंच्या क्लासला मुलगी पाठवायची नाही, असं म्हणायला बाबांना जीभ नव्हती.

हे मी मराठीत लिहितेय. गाणी मी इंग्लिशमध्ये करते, पण हे मराठीतच लिहायचं, कारण ज्यांना सांगायचंय ते मराठी आहेत. आणि माझं लिहायचं मराठी काकूंच्या क्लासमधलंच आहे. त्यांनी घासून घासून शुद्ध केलेलं. म्हटलं, वापरू.

बाबांनी मला एकच गोष्ट नीट शिकवली. संशय. कुणी मूळ गाव विचारलं की जिल्हा सांगायचा, गाव नाही. कुलदैवत विचारलं की म्हणायचं, आईला विचारून सांगते. लग्नात कोणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला तर ते हसायचे नाहीत आणि सरकायचेही नाहीत. "तो प्रेमानं हात ठेवत नाही," बाबा म्हणायचे, "तो जानवं शोधून राहिला." घरी ते असं बोलायचे. बाहेर पडले की त्यांचं मराठी इस्त्री केल्यासारखं व्हायचं.

त्यामुळे आजही कुणी गोड बोललं की माझा हात आपोआप खिशावर जातो. खिशात काही नसतं. तरी जातो.

रॅप मला शाळेच्या बसमध्ये सापडलं. तिथं कुणी 'मले'ला हसत नव्हतं. जीभ जितकी वाकडी तितकी चांगली. मी वह्याच्या वह्या भरल्या. कॉलेजसाठी टोलीडोला आले, कॉलेज अर्धं सोडलं, गाव सोडलं नाही. वेअरहाऊसमध्ये सकाळची शिफ्ट, दुपारनंतर गाणी. कपाटात रजया टांगून त्यात रेकॉर्डिंग. फोर्ट वेन, डेटन, कॅलमाझू. बिअरचे अड्डे, बोलिंगचा हॉल, एकदा तर काउंटीच्या जत्रेत, डुकरांच्या स्पर्धेनंतर. स्वतः गाडी चालवायची, स्वतः स्पीकर उचलायचे, डिकीतून टी-शर्ट विकायचे. इंडिपेंडंट म्हणतात त्याला. म्हणजे वर कुणी नाही. आणि मागेही कुणी नाही.

सुरुवातीला मी गल्लीची, पोलिसांची, बंदुकांची गाणी करायचे. मला वाटायचं रॅप म्हणजे तेच. टोलीडोत डॅरेल नावाचा एक वयस्कर काळा न्हावी आहे. त्याच्या दुकानात रविवारी दुपारी माइक लावतात, कुणीही येऊन म्हणावं. मी म्हटलं. लोकांनी मान डोलावली. डॅरेलनं नाही. दुकान रिकामं झाल्यावर झाडू मारता मारता तो म्हणाला, "ही माझी गल्ली आहे. माझा भाऊ त्या गल्लीत मेला. तू इथून काय उचलून न्यायला आलीस?"

मला राग आला. त्यानं माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी जगाकडे पाहत आले होते. पहिल्यांदा ती नजर माझ्यावर पडली. आणि तो खरं बोलत होता. मी चोर होते.

"तुझ्याकडे तुझं काहीच नाही का?" त्यानं विचारलं.

होतं. गयाबाई होती.

गयाबाई माझी आजी. बाबांची आई. वर्धेकडे एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. बायकांना पाणी द्यायला एक माणूस फिरायचा. बाकीच्यांना लोटा मिळायचा. आजीला आणि तिच्यासारख्या तिघींना ओंजळ. तो वरून ओतायचा, लांबून, अंग चोरून. एका उन्हाळ्यात आजीनं ओंजळ मिटून घेतली. पाणी तिच्या मुठींवरून खाली, कापसाच्या धुळीत. ती म्हणाली, "पानी द्याचं असन त गिलासात दे. नाई त राहू दे."

त्या दिवशी तिला कुणी पाणी दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती घरून मडकं नेऊ लागली. डोक्यावर, चालत. काम सुटेपर्यंत नेलं. बाकी तिघींनी काही दिवस ओंजळ धरली, मग त्याही तिच्या मडक्यातून पिऊ लागल्या.

हे तिनं मला फोनवर सांगितलं होतं, वारली त्याच्या आदल्या वर्षी. मी रेकॉर्ड केलं होतं. तिचा आवाज, मागे कोंबडा, मध्येच तिचा खोकला. मी त्यावर गाणं बांधलं. कडवी माझी, इंग्लिश. ध्रुवपदाला ती स्वतः. डॅरेलनं ते ऐकलं.  खुर्ची माझ्याकडे सरकवली. बस म्हणाला.

ते गाणं मी बाहेर काढलं नाही. बाबांमुळे. त्यात सगळंच होतं. कोण आम्ही, ते होतं. काका अजून त्यांचे मॅनेजर होते, आणि बाबांच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. "मी रिटायर झालो की काय वाजवायचं ते वाजव," बाबा म्हणाले. मी थांबले. फक्त दुकानात, रविवारी, पंधरा-वीस माणसांपुढे म्हणायचे.

तिथं एका रविवारी चिन्मय आला.

चिन्मय म्हणजे काकूंचा मुलगा. क्लासमध्ये माझ्या शेजारी बसायचा. आता तो पण रॅप करत होता. बापाच्या घरी, त्याच बेसमेंटमध्ये त्याचा स्टुडिओ होता, काचेच्या दारासकट. ब्राउन लोकांची गाणी करतो म्हणायचा. गाणं संपल्यावर त्यानं मला मिठी मारली. डोळे ओले. "यार, धिस इज इनसेन. तुझी आजी म्हणजे लेजंड."

माझा हात खिशावर गेला.

नंतर कॉफी प्यायला बसलो. तो विचारत राहिला. जिनिंग म्हणजे काय? कापूस निवडताना बसायचं कसं? तो माणूस लोट्यातून ओतायचा की बादलीतून? ओंजळ म्हणजे एक्झॅक्टली कशी? मी हात जोडून दाखवली. त्यानं पण करून पाहिली. त्याची बोटं नीट मिटेनात. फोन टेबलावर उलटा ठेवलेला होता. मी विचारलं, रेकॉर्ड करतोयस?

"नो नो. जस्ट लर्निंग."

मला संशय होता. खोटं कशाला बोलू, संशय होता तरी मी सांगत गेले. आमच्या आजीचं त्या घरातलं कुणीतरी ऐकतंय, याचा मला आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आजही लाज वाटते. कागदी ग्लासाची वाटत नाही तेवढी वाटते.

चार महिन्यांनी वेअरहाऊसच्या कँटीनमध्ये फोनवर एक लिंक आली. चिन्मयचं नवं गाणं. व्हिडिओत कापूस. कुठून तरी आणलेली एक म्हातारी. तो म्हणतोय, माय ग्रँडमा. माझी आजी ओंजळीनं पाणी प्यायची. माझ्या आजीनं हात मिटले. माझ्या आजीचं रक्त माझ्यात. आणि ध्रुवपद, त्याच्याच आवाजात, मशिनीतून काढलेलं: "पाणी द्यायचं असेल तर ग्लासात दे, नाहीतर राहू दे."

द्यायचं असेल तर. नाहीतर.

त्यानं माझ्या आजीचं मराठी शुद्ध केलं होतं.

डबा तसाच ठेवला आणि मी बाहेर गाडीत जाऊन बसले. रडू आलं नाही. गाणं परत लावलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, ब्रेव्ह. लिहिलं होतं, थँक यू फॉर शेअरिंग युवर ट्रुथ.

मी त्याला काही लिहायच्या आत त्याचाच मेसेज आला. ट्रिब्यूट आवडलं का? रिमिक्स करतोय, तुझा व्हर्स हवाय, 'फॉर ऑथेंटिसिटी'. दिवाळीच्या लंचला घरी ये, सगळ्यांपुढे अनाउन्स करू.

बाबांना दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. स्वतःच्या आईचा उल्लेख आला तिथं त्यांचा जबडा हलला. मग म्हणाले, "जाऊ दे. नाव तर नाही ना घेतलं तिचं."

"म्हणूनच तर."

"जाऊ दे म्हटलं ना."

दिवाळीला आम्ही तिघं गेलो. दुपारची वेळ. तेच घर, तेच बेसमेंट, गालिचा नवा. वीस-पंचवीस माणसं. चिवडा, चकल्या, करंज्या. बाबा हातात प्लेट घेऊन काकांशेजारी उभे, इस्त्रीच्या मराठीत बोलत. चिन्मयनं मोठ्या टीव्हीवर गाणं लावलं. लोक माना हलवत होते. संपल्यावर टाळ्या. काकू कौतुकानं हसत माझ्याजवळ आल्या.

"तुमचं हे रॅप! इतकं फास्ट बोलतो हा, मला एक अक्षर कळत नाही. कळतं ते एवढंच, पाणी आणि ग्लास."

मी ठरवून गेले नव्हते. ठरवलं असतं तर जमलं नसतं.

"काकू, मी सांगू काय म्हणतोय ते?"

"सांग की."

चिन्मयनं माझ्याकडे पाहिलं. मी क्लासमधल्या मराठीत, स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "तो म्हणतोय, माझी आजी कापूस निवडायला जायची. तिला लोट्याला शिवू द्यायचे नाहीत. तिला वरून पाणी ओतायचे. तिच्यामुळे विटाळ व्हायचा."

"कोणाच्या आजीला?"

"त्याच्या. म्हणजे तुमच्या सासूबाईंना."

काकूंचा चेहरा आधी कोरा झाला. मग लाल.

"काहीतरी काय अभद्र बोलतेस! आमच्या आई सोवळ्यानं राहायच्या. अख्खं गाव पाया पडायचं त्यांच्या. आम्ही काय असले लोक आहोत?"

"मग असले लोक कोण, काकू?"

टीव्हीवर दुसरंच काहीतरी आपोआप सुरू झालं होतं, ते काकांनी बंद केलं.

"चिन्मय, हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"मॉम, इट्स अ मेटाफर."

"मेटाफर नाही," मी म्हटलं. "माझी आजी आहे. गयाबाई तिचं नाव. असले लोक म्हणजे आम्ही."

बोलले आणि मी सगळ्यांचे चेहरे पाहिले. धक्का शोधत होते मी. वीस वर्षं बाबांनी जे झाकलं, ते मी एका वाक्यात उघडं केलं होतं. कुणीतरी दचकेल, कुणीतरी बाबांकडे नव्यानं पाहील, असं वाटलं.

कुणी दचकलं नाही.

एक बाई करंजी मोडत राहिल्या. काका प्लेटमध्ये पाहत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "दिवाळीच्या दिवशी कशाला हे विषय." बस. सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून. बाबा जिल्हा सांगायचे, गाव लपवायचे, आणि समोरचे मान हलवायचे, आणि सगळ्यांना माहीत होतं. त्यांची ती सगळी मेहनत, तो जपून टाकलेला एकेक शब्द, त्याच्यामुळे आमचं काही वाचलं नाही. त्या लोकांना मात्र आपण कसे वागतो हे बोलायची वेळ कधी आली नाही.

हे मला त्या क्षणी कळलं. बाबांना पण त्याच क्षणी. मी त्यांना पाहत होते. त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली आणि जिना चढून वर गेले, बूट घालायला. आई त्यांच्या मागे.

चिन्मय माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "तू मला वेगळं भेटून बोलू शकली असतीस. रिमिक्स इज स्टिल ऑन, ओके?"

"नाही," मी म्हटलं. "माझा आवाज मिळणार नाही. गाणं उतरव."

"आर्ट कुणाच्या मालकीचं नसतं गं."

"तुझ्या बेसमेंटला कुलूप आहे ना?"

गाडी हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "सगळ्यायले माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

मी मागच्या सीटवरून सांगितलं. क्लास, देवघराचा प्रश्न, फोटो, ग्लास. माझ्याच तोंडून गेलं होतं ते. आईनं खिडकीबाहेर पाहिलं. बाबांनी गाडी बाजूला घेतली. दिवे लुकलुकत ठेवले. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"आज बोलाच्या आदी मले विचारलं काऊन नाई?"

  चिन्मयनं मला न विचारता माझी आजी उचलली. मी बाबांना न विचारता बाबांना उघडं केलं. दोन्ही सारखं नाही, मला माहीत आहे. पण त्यातला 'न विचारता' सारखाच आहे, आणि बाबांनी तो बरोबर धरला.

दोन महिन्यांनी बाबांना दुसऱ्या प्लांटला हलवलं. जाऊन-येऊन जास्तीचा दीड तास. कारण सांगितलं, रिऑर्गनायझेशन. खरंही असेल. पुरावा नाही. पुरावा कधीच नसतो, कागदी ग्लास दर वेळी कचऱ्यात जातो.

चिन्मयनं गाणं उतरवलं नाही. एक शब्द बदलला. 'माय ग्रँडमा'चं 'अवर ग्रँडमाज' केलं. आपल्या आज्या. आता त्याला कॉलेजांत बोलवतात, जातीवर बोलायला. मला एका कॉलेजातून ईमेल आली, त्याच्यासोबत स्टेजवर बसाल का, छान डायलॉग होईल. मी एका ओळीत लिहिलं, बसणार नाही. मग एक लेबलवाला भेटला. म्हणाला, आता हा विषय चालतोय, लवकर सही कर. मी विचारलं, कुणाचा विषय? त्याला प्रश्न कळला नाही. त्यालाही नाही म्हटलं.

मग मी माझं गाणं काढलं. डॅरेलच्या दुकानात, दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून रेकॉर्ड केलं. आजीचा खोकला ठेवला. 'असन' ठेवलं, 'नाई त' ठेवलं. कव्हरवर माझं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. ह्या वेळी बाबांना आधी विचारलं. ते म्हणाले, "नको टाकू." मी म्हटलं, मी विचारलं, तुम्ही सांगितलं, आणि मी टाकणार आहे. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. मी नाव काढणार नाही, हा माझा.

त्याच्या गाण्याइतकं माझं कुणी ऐकत नाही. पुढेही ऐकणार नाहीत कदाचित. लोक मला विचारतात, पहिलं कुणाचं? तू त्याचं घेतलंस का? विचारू देत. मी उत्तर देत राहीन, प्रत्येक वेळी, कंटाळा न करता, आजीचं नाव घेऊन.

आणि चिन्मय, तुला मराठी वाचता येतं, तुझ्या आईनंच शिकवलंय आपल्याला. तुलाही आजी होती. तिच्या घरी पाणी होतं, लोटा होता, दाराशी कुणीतरी ओंजळ धरून उभं असेल. त्या लोटा धरणाऱ्या हाताचं गाणं आजवर कुणी लिहिलेलं नाही. ते लिही. तुझ्या आडनावासकट लिही. ते लिहिशील तेव्हा मी समोर बसून ऐकेन.

तोवर गयाबाईला हात लावायचा नाही.